येसाजीची मिशी

पौड, ता. १२ नोव्हेंबर १९२७

चि. येसाजी यास बाबालालचे अनेक आशीर्वाद.

नाटक कंपनीत तुझी जागा पक्की झाली. ती कितीला पडली ते आधी सांगतो, म्हणजे तुला तिची किंमत राहील. पुण्याला चार खेपा. त्यांतल्या दोन पायी, कारण गाडीवाल्याचा बैल लंगडत होता. कंपनीची जुनी पेटी मी उघडली, सूर घासले, भात्याचं कातडं बदललं, सगळं फुकट. मालकांचं गाणं समोर बसून ऐकलं, तेही फुकट, आणि शेवटी ‘वाहवा’ म्हणालो. येसाजी, मी बाजारात पंचवीस वर्षं काढली, पण एवढं मोठं खोटं माझ्या तोंडून कधी गेलं नव्हतं. एवढं माझ्याकडून. तुझ्याकडून एकच द्यायचं राहिलंय. मिशी.

गेल्या चैत्रात तुमच्या जत्रेला मी नेहमीप्रमाणे पडदे, टोप आणि पेटी घेऊन आलो होतो. तू पदराच्या टोकानं मिशी झाकून राणी झालास. लोक हसले. मग तू गायला लागलास आणि पुढं बसलेल्या बायांनी पोरांची तोंडं दाबली. तेव्हाच मी ठरवलं की हा गळा जत्रेत ठेवायचा नाही. पण पुण्याच्या लोकांना मिशीवाली राणी चालत नाही, पदर कितीही मोठा असला तरी.

नवं नाटक आहे ‘संगीत मुकुटदान’. राज्याभिषेकाच्या दिवशी राजपुत्राला कळतं की आंधळा बाप रानात एकटा पडलाय. तो डोक्यावरचा मुकुट काढून धाकट्या भावाला देतो आणि बापाकडं निघतो. राजपुत्र स्वतः मालक. त्याची बायको तू. शेवटच्या अंकात चार पदं तुझी आहेत, आणि ती चार पदं म्हणजेच नाटक, हे मालकांना अजून कळलेलं नाही. आपण सांगायचं नाही.

आता तू म्हणशील, चाचा, मला जमेल का? मला विचारू नकोस, माझ्या कानाला विचार. दुकानावरून गाडी गेली तर कुठल्या चाकाला वंगण नाही, हे मी मान वर न करता सांगतो. पंचवीस वर्षांत या दोन कानांनी मला एकदाही फसवलेलं नाही. हे वाक्य मी शाहजादीला मोठ्यानं वाचून दाखवलं, तर ती हसली. का हसली ते सांगेना. बायकोचं असंच असतं.

लवकर कळव. मालक महिनाभर थांबतील, त्याहून जास्त नाही.

बाबालाल


मुळशी, ता. १९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप बाबालालचाचांस येसाजीचा रामराम.

तुमचा कागद पोचला. म्या दोनदा वाचला, मग आबाला वाचून दावला. मिशीचं तेवढं गिळलं.

चाचा, तुमी माझ्यापायी पायी पुण्याला गेलासा. सख्खा चुलता एवढं करत न्हाई. माझी चवथी झाली ती बी तुमीच पाटी-पेन्सिल आणून दिली म्हून. आन पेटीवर सूर कसा धरायचा, ते तुमीच दावलं. हे सगळं म्या इसरलो न्हाई.

पर मिशीचं कसं करायचं? बाप गेल्याबिगर आमच्यात वस्तरा वरच्या व्हटाला लागत न्हाई, हे तुमास्नी काय सांगाया पायजे? बाप जित्ता आसताना काढली तर त्यानं बापाला मारला म्हणत्यात. उद्या म्या तसाच गावात आलो तर लोक डोसकीवर पदर घिऊनच दारात येतील.

आन दुसरी गोष्ट मिशीपरीस मोठी. धरणाच्या पान्यानं खालची चार खाचरं घेतली. आमी घर वर टेकाडाला हलवलं. आता वरल्या अंगाला दगडाचे बांध घालून नवी खाचरं करायची हायेत, मिरगाच्या आत, न्हाई तर पुढल्या साली भात न्हाई. आई गेल्यापासनं घरात आमी दोघंच. आबा म्हणतोय, तू जा, मी एकला बांध घालतो. पर चढणीला तीनदा खाली बसतोय. इचारलं तर म्हणतोय, गुडघा. मला वाटतंय गुडघा न्हाई, दम हाय.

माझ्याशी तो खरं बोलायचा न्हाई. तुमी या. तुमचा कान लई तिखट. त्याच्यापाशी बसा आन ऐका, आन मला लिवा. तुमी म्हणाल जा तर जाईन, राहा तर राहीन.

येसाजी


पौड, ता. ३० नोव्हेंबर

चि. येसाजीस आशीर्वाद.

मंगळवारी तुमच्याकडं आलो. तू बहिणीकडं, चिमाकडं, चांद्याला भात पोचवायला गेला होतास, ते बरंच झालं. तू असतास तर तुझा बाप बाजी खोटं बोलला असता.

तो ओट्यावर दोर वळत बसला होता. मी त्याच्या उजव्या हाताला टेकलो. चिलीम झाली. म्हटलं, “बाजी, पोरगं पुण्याला जाईल तर मिशी काढावी लागंल.”

दोर थांबला नाही. म्हणाला, “मिशी म्हंजी काय भाताचं रोप हाय, उपाटलं की गेलं? उगवतीया परत.”

“लोक म्हणतील बाजी मेला.”

“म्हणंनात. मेल्यालं माणूस लोकाच्या बांधावर येत न्हाई. शेजाऱ्यास्नी तेवढीच खुशी.”

“आणि नवी खाचरं?”

“एक झालं, दुसरं धरलंय. तू तुझी पेटी बघ, बाबालाल. दगूड मी बघतो.”

असा तासभर बसलो. मी बोलत होतो, तो वळत होता. घरघर नाही, शीळ नाही. माझ्या कानाशी गाठ आहे, असली तर लपली नसती. तुझ्या बापाचा भाता अजून वीस वर्षं चालेल. हवं तर लिहून देतो. देतो कशाला, हे दिलंच लिहून. गुडघा म्हणतोय तर गुडघाच.

आणि एक. तू आभार मानतोस ते मला सोसत नाही. मी विशीत सुया-दोऱ्याचं गाठोडं घेऊन या खोऱ्यात पहिल्यांदा आलो आणि तापानं तुमच्या गोठ्यात पडलो. गाव म्हणालं, पटकी असंल, उचलून शिवेबाहेर टाका. तुझी आई भागूबाई दारात उभी राहिली. म्हणाली, “शिवेबाहेर न्यायचं तर मला बी न्या, म्या त्याला पाणी पाजलंय.” अकरा दिवस तिनं मला तांदळाची पेज पाजली. आज पौडाच्या पेठेत माझ्या दुकानावर पाटी आहे, ती त्या पेजेवर उभी आहे. तू अजून जन्मलाही नव्हतास. तेव्हा माझ्या चार खेपांचं कौतुक तू करू नकोस.

सोमवारी नीघ. माझ्याकडून एक घोंगडी आणि शाहजादीनं बांधलेले लाडू घेऊन जा.

बाबालाल


पुणे, ता. २० जानेवारी १९२८

तीर्थस्वरूप चाचांस रामराम.

लई दिस झालं लिवीन लिवीन म्हणून. हितं तालमी दुपारपासनं चालत्यात.

आधी मिशीचं ऐका. पेठंतल्या न्हाव्याकडं गेलो. त्यानं पाणी लावलं आन हळूच इचारलं, “वडील कधी गेले?” म्या म्हणलं, “हायेत.” त्यानं वस्तरा खाली ठिवला आन म्हणला, “मग दुसरीकडं जा बाबा, मला पोरंबाळं हायेत.” शेवटाला कंपनीच्या न्हाव्यानं काढली. तो म्हणला, मी रोज चार बाप मारतो. पैले आठ दिस म्या तोंडावर हात धरूनच फिरत व्हतो.

आता लुगडं नेसाया येतंय, चालाया येतंय. गाण्याला मालक कायबी बोलत न्हाईत, म्हंजी बरं हाय आसं बाकीचे म्हणत्यात. काल शेवटला अंक बसवला. चौथ्या पदाला पडदे वढणारा माणूस दोरी सोडून डोळं पुसाया लागला आन पडदा निम्म्यात खाली आला. मालकांनी त्याला शिव्या घातल्या, मला न्हाई. चाचा, त्या टायमाला मला तुमची लई सय आली. तुमी नसता तर म्या हे कधी बगितलं आसतं?

एक गंमत. मालक मुकुट काढून भावाला देत्यात तवा मला खरंच रडाया येतं. पर त्यांचा सख्खा भाऊ कोल्हापूरवरनं आला, तर दोन दिस मागल्या दारात बसून व्हता. मग गेला.

आन काल मंडईपाशी आपलं म्हसूदाजी दिसलं, चिमाचं मालक. बकरी इकाया आलं आसतील. म्या हाक मारली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बगितलं, तोंडावर हात ठिवला आन बकरी घिऊन आल्या वाटंनं पळत सुटलं. बिनमिशीचा मेव्हणा बगून लाजलं आसतील. म्या लई हासलो.

पैला खेळ पाच फेब्रुवारीला, रविवारी. तुमी पुढं बसा. आबाला सांगा, खाचरं किती झाली ते कळवाया.

येसाजी


पौड, ता. २२ जानेवारी

चि. येसाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं, आणि म्हसू का पळाला ते मला दुपारी कळलं.

उन्हं डोक्यावर असताना रस्त्यानं रडण्याचा आवाज आला. बघतो तर चिमा. चांद्याहून चालत, पायात काही नाही, केस सुटलेले. शाहजादी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. चिमा म्हणाली, “आबा गेला, चाचा. भावानं मिशी काढली आन बहिणीला सांगावा न्हाई. मी काय परक्याची हाय का?” मी समजावलं की मिशी नाटकासाठी काढलीय. ती म्हणाली, “तुमी मला घरापातूर न्ह्यायाला खोटं बोलताय.” आमच्या खोऱ्यात एवढं शहाणपण आहे, त्याचं काय करावं? गाडी जुंपली आणि तिला घेऊन निघालो. सबंध वाटेत तिनं तुला दिलेल्या शिव्या मी लिहीत नाही, नाटकात कामाला येतील अशा आहेत.

टेकाडाखाली गाडी थांबली तशी ती हंबरडा फोडून वर पळाली. बाजी दारात शेंगा सोलत बसलेला. म्हणाला, “कोण गेलं गं?”

चिमा म्हणाली, “तुमी.”

“मला कुणी सांगितलं न्हाई.”

येसाजी, ती पोर बापाच्या पायाशी बसली आणि रडता रडता हसायला लागली. बाजीही हसला. म्हणाला, “मेल्यावर कोण किती रडतंय ते जित्तेपणी बगितलं. आता शंभर वरसं धरा. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय.” आणि हसता हसताच त्याचा श्वास अडकला. यावेळी मी समोर होतो. ओठ काळेनिळे झाले, हातातल्या शेंगा सांडल्या. कितीतरी वेळ त्याला एक शब्द बोलता आला नाही. चिमा पाठ चोळत होती आणि आता रडत नव्हती.

आज सकाळी पौडच्या डॉक्टरांना घेऊन गेलो. ते म्हणाले, काळजाचं दुखणं आहे, बरेच दिवसांचं. ओझं बंद, चढण बंद. जपलं तर काही वर्षं निघतील, नाही जपलं तर पावसाळाही निघायचा नाही.

येताना वर जाऊन नवी खाचरं बघितली. एक झालं, दुसरं धरलंय असं तो म्हणाला होता ना? सात दगड आहेत. सातच.

बाजीनं माझा हात धरून बजावलं, “पाच तारखेपातूर पोराला कळवायचं न्हाई. तुला भागूची आन हाय.” मी हो म्हणालो, आणि घरी येऊन दौत उघडली. भागूबाईला मी वर गेल्यावर काय ते सांगीन.

तू ये असं मी लिहीत नाही. येऊ नको असंही लिहीत नाही. ही जागा दुसऱ्यांदा मिळायची नाही, एवढं मात्र खरं.

बाबालाल


मुळशी, ता. १२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप चाचांस रामराम.

तुमचा कागद मिळाला त्याच दिशी निघालो. पौडावरनं आलो तर तुमचं दुकान बंद व्हतं, आन खरं सांगतो, मला बरं वाटलं. तुमास्नी तोंड दावाया लाज वाटत व्हती.

मालक तालमीत व्हते. डोक्यावर मुकुट. म्या सांगितलं, बाप आजारी हाय, मला जायाला पायजे. ते म्हणले, “बाप सगळ्यांनाच असतो.” म्या म्हणलं, “व्हय मालक, पर माझ्या बिनमिशीच्या तोंडाकडं बगून लोक म्हणत्यात तो गेला. तसा तो गेला न्हाई. जायाच्या आत जातो.” ते लई बोलले. तुमास्नी बी बोलले. ते तुमाला ऐकावं लागलं आसंल, त्याचं मला वाईट वाटतंय.

आबा दोन दिस माझ्याशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिशी भाकरी देताना त्यानं माझ्या व्हटावर बोट फिरवलं. म्हणला, “उगवाया लागली.” मग बोलाया लागला.

म्हसूदाजी आठ दिस झालं हितंच हायेत. सगळ्या गावात सासरा मारला म्हणून लाजेनं माझ्याकडं बगत न्हाईत, पर दगूड दोघांचे वाहत्यात. दोन खाचरं झाली. मिरगाच्या आत चारी व्हतील. आबा आंब्याखाली बसून आमास्नी शिकवतो, ह्यो दगूड हितं न्हाई तितं. लई चुका काढतो. चाचा, ह्या चुका ऐकाया मिळाल्या हेच लई झालं.

खोटं कशाला लिवू? बांधावर हात चालत आसतो आन ती पदं तोंडात येत्यात, मग हात थांबतोय. परवा आबा म्हणला, “थांबलास का? म्हण की. आंधळा राजा हितं बसलाय न्हवं?” मग म्या चारी पदं म्हणली. दगडावर बसून, राणीची. चवथ्याला त्यानं तोंड फिरवलं.

तुमी वीस वरसं लिवून दिली व्हती. त्याचा राग धरला न्हाई. तुमी माझ्या भल्याचं तेवढं ऐकलं, आसं म्या समजतो. तुमी पाठवलं म्हणून म्या ते एक डाव बगितलं, आन तुमीच कळवलं म्हणून बाप भेटला. दोन्ही तुमचंच.

येसाजी


पौड, ता. २७ मार्च

चि. येसाजीस आशीर्वाद.

रोजे संपले, ईद झाली. शाहजादीनं शिरखुर्मा म्हसूबरोबर पाठवलाय. बाजीला वाटीभरच दे, तूप जास्त आहे.

पाच तारखेच्या खेळाला मी गेलो होतो. तिकीट काढून, कारण फुकट जायची तोंडाला जागा नव्हती. तुझ्या जागी साताऱ्याचा एक माणूस घेतलाय. सुरेल आहे, दिसतोही चांगला. चौथ्या पदाला कुणी दोरी सोडली नाही. पण मालकांनी मुकुट काढून दिला तेव्हा टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारचे वकील उपरण्यानं डोळे पुसत होते. हेच वकील सख्ख्या भावाशी एका भिंतीवरून अकरा वर्षं कोर्टात भांडताहेत, सगळ्या पेठेला ठाऊक आहे. तेव्हा मला कळलं, येसाजी. नाटकात मुकुट सोडला तर टाळ्या, घरी सोडला तर लोक विचारतात, वेडा झालास का? तुला टाळी वाजवायला तिथं आंब्याखाली एकच माणूस होता, आणि त्याला डॉक्टरांनी हात वर करायची मनाई केलेली.

खेळानंतर मालक भेटले. म्हणाले, “तुमचा तो मुळशीवाला मूर्ख आहे.” मी म्हटलं, “हो, माझ्याच हाताखाली शिकला.” ते रंग पुसत बसले. बऱ्याच वेळानं विचारलं, “त्याचे वडील कसे आहेत?” मी सांगितलं, दगड कुठं ठेवायचा ते शिकवतात. परवा ऐकलं, कोल्हापूरला भावाला पत्र गेलंय. खरंखोटं मला ठाऊक नाही.

मी तुझ्यावर रागावलो होतो का? आठ दिवस होतो. तुझा गळा मी माझाच समजत होतो. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. ज्या घरानं गोठ्यातल्या परक्याला शिवेबाहेर टाकू दिलं नाही, त्या घरातलं पोर बापाला टेकाडावर टाकून गाईल, असं मी धरलं होतं, ही माझीच चूक. भागूबाईचं तू राखलंस. माझे चार हेलपाटे वसूल झाले.

चैत्री पुनवेला जत्रेसाठी पडदे, टोप, पेटी घेऊन येतो. यंदा गावाकडून भाडं नाही. आणि तू मिशी ठेवून गायचंस, पदरबिदर काही नको. बाजीला उचलून खाली आणायचं माझ्या आणि म्हसूच्या गळ्यात.

कळावे, लोभ असावा.

बाबालाल

ता. क. – तू लिहिलंस, चाचानं माझ्या भल्याचं तेवढं ऐकलं. तसं नाही. जत्रेत मला पेटीशी बसवशील तेव्हा गाणारे माझ्या उजव्या अंगाला राहू देत, म्हणून आता सांगायला हवं. शाहजादीखेरीज हे कुणाला ठाऊक नाही, कारण कळलं तर सूर लावायला कोण माझ्याकडं पेटी आणील? त्या दिवशी ओट्यावर बाजी माझ्या डाव्या हाताला होता. बसताना मला आठवलं नाही की आठवूनच तिथं बसलो, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही. त्या डाव्या कानानं मला दोन वर्षांपासून काहीही ऐकू येत नाही.